एलएलबी आणि एमबीए दोन्ही करायचंय: ठाणे-नवी मुंबईत राहून कसं जमवावं?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

मी कळव्याला राहते. मुंबई विद्यापीठातून बीकॉम केलं आणि आता तुर्भ्याला एका गोदाम-वाहतूक कंपनीत करार विभागात आहे. ग्राहकांसोबतचे करार तयार करून घ्यायचे, बाहेरच्या वकिलांकडे पाठवायचे, त्यांनी लाल रंगात केलेले बदल आमच्या साहेबांना समजावून सांगायचे, हे माझं रोजचं काम. वकील सांगतात हे कलम धोक्याचं आहे. सेल्सवाले म्हणतात, ते कलम काढा नाहीतर गिऱ्हाईक हातचं जाईल. वकिलांना आमचा दर कसा ठरतो ते माहीत नसतं आणि सेल्सवाल्यांनी करार पहिल्या पानापलीकडे वाचलेला नसतो. मधे मी. दोन्ही बाजू नीट कळणारं माणूस व्हायचं, हे आता मनात पक्कं झालंय.

अमेरिकेत जेडी-एमबीए (जेडी म्हणजे तिथली कायद्याची पदवी) अशी एकत्र पदवी असते असं वाचलं. आपल्याकडे पदवीनंतर असं काही आहे का? नसेल तर एलएलबी आणि एमबीए एकाच वेळी करता येईल का? नाहीतर आधी काय करावं? बाबा रिटायर झालेत, धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे, त्यामुळे पगार पूर्ण बंद करणं अवघड आहे. घरून विरोध नाही, पण बाबा म्हणतात, "एक काय ते ठरव आणि तडीस ने."

ज्यांनी ह्यातलं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

घणसोलीची_आई

वाचतेय. माझी मुलगी बारावीला आहे, तिच्याही डोक्यात हेच आहे.

ॲड_चेंदणी

ठाणे जिल्हा न्यायालयात वकिली करतो. माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करतो.

आधी नियम बघ, कारण बहुतेक बेत इथेच बदलतात. कायद्याचं शिक्षण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या हातात आहे आणि त्यांचे २००८ चे विधी शिक्षण नियम आहेत. त्यातला सहावा नियम सांगतो की एलएलबीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या कुठल्याही पदवी किंवा पदव्युत्तर कोर्सला नाव घालता येत नाही. अपवाद एकाच संस्थेच्या एकात्मिक पदवीचा, भाषा किंवा संगणकाच्या छोट्या अर्धवेळ प्रमाणपत्रांचा, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून चालणाऱ्या कोर्सचा.

आता कुणीतरी येऊन सांगेल की यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय. दिलीय, खरं आहे. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत व्यावसायिक परिषदांचे नियम पाळायचे आहेत असंही म्हटलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून कॉलेजांना बजावलं की विद्यार्थी दुसरी नियमित पदवी करतोय का, नोकरी करतोय का, हजेरी भरतेय का, ह्याचं लेखी घ्या. बायोमेट्रिक हजेरीही त्यातच आली. तेव्हा सकाळी लॉ कॉलेज आणि संध्याकाळी नियमित एमबीए हा बेत सोडून दे. उद्या सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायला जाशील तेव्हा हेच कागद पुढे येतील.

एलएलबी स्वतः दूरशिक्षणाने होत नाही. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या आतच भरवायचे असतात, त्यामुळे पूर्वीची रात्रीची लॉ कॉलेजं आता नाहीत. हजेरी ७० टक्के.

पामबीच

@घणसोलीची_आई, मी बीबीए-एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, नेरुळला राहतो. बारावीनंतरचा हा पाच वर्षांचा एकात्मिक कोर्स असतो आणि त्याची पदवी सनदेला चालते. मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपकेंद्रात, म्हणजे बाळकुमला, बीबीए-एलएलबी आहे. नेरुळला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचं लॉ स्कूल आहे. आयआयएम रोहतकनेही २०२१ पासून व्यवस्थापन आणि कायदा असा पाच वर्षांचा कोर्स सुरू केलाय, तिथे क्लॅट ही देशपातळीवरची लॉ प्रवेश परीक्षा लागते.

पण काकू, बीबीए म्हणजे एमबीए नव्हे. मार्केटिंग, अकाउंट्स, संघटनशास्त्र ह्यांची तोंडओळख होते. मला स्वतःला ताळेबंद वाचता येतो, कंपनी कायदा शिकताना त्याचा खरंच उपयोग झाला. तरी कुठल्याही कंपनीने मला "मॅनेजमेंट शिकलेला" म्हणून मुलाखतीला बोलावलेलं नाही, बोलावलंय ते कायद्याचा विद्यार्थी म्हणूनच. मुलीला कायदा मनापासून आवडत असेल तरच पाठवा. "दोन्ही मिळतं" एवढ्यासाठी नको.

घणसोलीची_आई

धन्यवाद रे. हे कुणी इतकं स्पष्ट सांगत नाही. काउन्सेलर तर "ड्युअल डिग्री, ड्युअल करिअर" एवढंच म्हणत होते. बाळकुमला जाऊन बघून येतो आम्ही.

टीटीसी_लीगल

महापे-रबाळेच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत विधी विभाग सांभाळते. आधी वकिली, मग कंपनी, नंतर अर्धवेळ एमबीए असा माझा प्रवास.

@खाडीपलीकडे, तुमच्या कामाशी अगदी लागून असलेलं एक उदाहरण देते, म्हणजे ह्या दोन विषयांचा सांधा कुठे आहे ते दिसेल. समजा, एक औषध कंपनी तळोज्याच्या गोदामात दोन कोटींचा कच्चा माल ठेवते. गोदामाचं महिन्याचं भाडं चार लाख. करारात कलम आहे: नुकसान झालं तर गोदामवाल्याची जबाबदारी जास्तीत जास्त एक महिन्याच्या भाड्याएवढी. जुलैत पाणी शिरलं, माल गेला. औषध कंपनीच्या हातात चार लाख.

नवा वकील काय करेल? मर्यादा काढून टाकेल, "सर्व नुकसान गोदामवाला भरेल" असं लिहील. कायद्याने चूक नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने किती काळजी घ्यायची हे कलम १५१ मध्ये आहेच. पण गोदामवाला काही खुळा नाही. एक तर तो सही करणार नाही, नाहीतर दर वाढवेल. आता फक्त व्यवसाय शिकलेला माणूस काय करेल? दर वाढू नये म्हणून जुनं कलम तसंच ठेवेल.

दोन्ही कळणारं माणूस आधी विचारतं, ह्या मालाचा विमा कुणी उतरवायचा आणि कुणाला तो स्वस्त पडतो? मालाच्या मालकाला बहुतेक वेळा स्वस्त पडतो, कारण मालाची किंमत आणि स्वरूप त्याला माहीत असतं. मग विमा त्याने घ्यायचा, गोदामवाल्याची मर्यादा एका महिन्याच्या भाड्यावरून वर्षाच्या भाड्यापर्यंत न्यायची, निष्काळजीपणाला मर्यादेच्या बाहेर ठेवायचं. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते: विमा कंपनी मालकाला पैसे दिल्यावर मालकाच्या जागी उभी राहून गोदामवाल्यावर दावा लावू शकते, ह्याला सब्रोगेशन म्हणतात. तो हक्क सोडल्याचं विमा कंपनीकडून लिहून घेतलं नाही, तर गोदामवाल्याला वाटतं आपण सुटलो आणि दोन वर्षांनी विमा कंपनीची नोटीस येऊन थडकते. हे सगळं मांडल्यावर दर फारसा वाढवावा लागत नाही आणि दोघंही सही करतात.

ह्यासाठी दोन पदव्या लागतातच का? नाही. पण कायदा शिकल्याशिवाय सब्रोगेशन डोक्यात येत नाही, आणि दर कसा बनतो ते शिकल्याशिवाय गोदामवाला कशाला तयार होईल ते कळत नाही.

आता सनदेबद्दल. बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते, तसं राज्य बार कौन्सिलला कळवावं लागतं. माझी सनद आज स्थगित आहे. कंपनीत बसून मी करार करते, खटल्यांवर लक्ष ठेवते, पण कोर्टात उभी राहते ती बाहेरची वकील. हे आधीच समजून घ्या, कारण अनेकांना वाटतं कंपनीचा लीगल मॅनेजर कोर्टातही जातो.

खाडीपलीकडे

@टीटीसी_लीगल ताई, हे वाचून ऑफिसात बसल्या बसल्या आमचा नमुना करार उघडला. मर्यादा आहे, विमा ग्राहकाने घ्यायचा असंही आहे, सब्रोगेशनबद्दल एक अक्षर नाही. उद्याच साहेबांशी बोलते.

@ॲड_चेंदणी काका, तू म्हणा, त्यात काय. दूरशिक्षणाचा अपवाद आहे म्हणता, मग एलएलबी नियमित आणि एमबीए इग्नूमधून असं चालेल का?

ॲड_चेंदणी

नियमाच्या शब्दांत बसतं. तरी प्रवेश घेण्याआधी लॉ कॉलेजच्या प्राचार्यांकडे लेखी अर्ज दे आणि त्यावर उत्तर घे. पण जमतं म्हणून करावं का, हा वेगळा प्रश्न. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आठवड्याला तीस तासांचं वेळापत्रक असतं. शिवाय तुझी नोकरी. त्यात एमबीएचे असाइनमेंट घुसवलेस तर दोन्हीकडे फक्त पास होण्यापुरता अभ्यास होईल.

आणि माझं स्पष्ट मत: तुला एमबीएची गरज नाही. चांगली तीन वर्षं कायदा शीक, मग दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली कोर्टात काढ. धंदा काय आहे हे पक्षकार शिकवतात. माझ्याकडे भिवंडीचे यंत्रमागवाले येतात, घोडबंदरचे बिल्डर येतात, वाशीच्या एपीएमसीतले व्यापारी येतात. वर्गात बसून जे कळलं नसतं ते त्यांच्याबरोबर फायली चाळताना कळलं.

टीटीसी_लीगल

काका, इथे मी सहमत नाही. पक्षकार त्याचा स्वतःचा धंदा शिकवतो, तोही भांडण लागल्यावर. कंपनीत आम्हाला भांडणाच्या आधी बसायचं असतं. कारखाना विकत घ्यायचा असेल तर पाच वर्षांची रोखता कशी राहील, कर्ज कुठल्या अटींवर मिळेल, हे समोर मांडलेलं असतं आणि विधी विभागाकडून तिथल्या तिथे उत्तर हवं असतं. माझ्या एमबीएतला फायनान्सचा भाग तिथे रोज लागतो. मार्केटिंगचा फारसा नाही, हेही सांगते.

कोर्टात दोन-तीन वर्षं काढावीत, ह्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. न्यायाधीश करार कसा वाचतात हे पाहिलेलं माणूस करार वेगळाच लिहितं.

नौपाडा_ते_न्यूजर्सी

मूळची नौपाड्यातली, इथे अमेरिकेत जेडी-एमबीए केलं. मूळ प्रश्नात त्याचा उल्लेख आहे म्हणून लिहिते.

इथे जेडी ही कायद्याची पहिली पदवी, पण ती चार वर्षांच्या कॉलेजनंतरच करता येते. एरवी जेडी तीन वर्षं आणि एमबीए दोन. एकत्र केलं की काही विषय दोन्हीकडे धरतात आणि एक वर्ष वाचतं. हार्वर्डचा एकत्र कार्यक्रम १९६९ पासून आहे, चार वर्षांचा. नॉर्थवेस्टर्न, पेन, येल, कोलंबिया इथे तीन वर्षांतही करता येतं. बहुतेक ठिकाणी दोन्ही शाळांनी तुम्हाला स्वतंत्रपणे निवडावं लागतं.

तीन की चार हा प्रश्न लोक फीच्या हिशोबाने सोडवतात. मला वाटतं तो उन्हाळ्यांच्या हिशोबाने सोडवावा. इथे नोकऱ्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमधून लागतात. चार वर्षांत तीन उन्हाळे मिळतात, म्हणजे एक लॉ फर्ममध्ये, एक बँकेत किंवा सल्लागार कंपनीत घालवून मग ठरवता येतं. तीन वर्षांत दोनच मिळतात, आणि पहिल्या उन्हाळ्याच्या आतच कुठे जायचं ते जवळजवळ ठरवावं लागतं. माझ्या वर्गातले बरेच जण शेवटी एकाच बाजूला गेले. वकील झालेले वकीलच राहिले, बँकेत गेलेल्यांनी बारची परीक्षाही दिली नाही.

खर्च: हार्वर्डसारख्या ठिकाणी चार वर्षांची नुसती शिकवणी फीच तीन लाख डॉलरच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. आणि परत येऊन भारतात वकिली करायची असेल तर ती परदेशी पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते आणि त्यांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. भारतातच काम करायचं असेल तर ह्या वाटेला जाऊ नकोस असंच सांगेन. तुझ्या पोस्टमध्ये तुर्भे आहे, गोदाम आहे, करार आहेत. तुझं सगळं काम भारतीय कायद्यावर उभं आहे.

वागळे_रोड_नं_१६

मी वकील नाही, एमबीए नाही. वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे, मशीनचे सुटे भाग करतो. माझा अनुभव ह्या चर्चेला लागू पडेल असं वाटतं.

एका मोठ्या कंपनीकडे माझे साठ लाख अडकले होते. नाव घेत नाही. माल मिळाल्याची सही आहे, तक्रार एकही नाही, फक्त पैसे नाहीत. "पुढच्या महिन्यात" हेच ऐकत होतो. माझ्या पगाराच्या तारखा चुकायला लागल्या, चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. वकिलांकडे गेलो, ते म्हणाले दावा लावू. दावा लावला की ऑर्डर बंद, आणि माझं निम्मं काम त्याच कंपनीचं. मग एक धंद्यातले सल्लागार म्हणाले, दहा टक्के सूट द्या आणि संबंध टिकवा. सहा लाख कशापायी सोडायचे? माझे घामाचे पैसे आहेत ते.

शेवटी माझ्या सीएच्या ऑफिसातल्या एका मुलीने मार्ग काढला. एलएलबी झालेली, नंतर मुंबई विद्यापीठाचं अर्धवेळ एमएफएम, म्हणजे वित्त व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, केलेली. ती म्हणाली, खरेदी विभागाशी बोलणं सोडा, त्यांच्या अकाउंट्सच्या प्रमुखांना पत्र लिहू. आयकर कायद्यात नवं कलम आलं होतं, ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट मोठ्या कंपनीला त्या वर्षी मिळत नाही. तिने फेब्रुवारीत पत्र पाठवलं, मार्च अखेर तोंडावर असताना. भाषा अगदी सभ्य. "आपल्या नोंदींसाठी आमचा उद्यम क्रमांक आणि थकीत बिलांची यादी सोबत जोडली आहे." (उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी.) धमकी नाही, काही नाही. तीन हप्त्यांत पैसे आले. ऑर्डरही चालू राहिल्या.

त्या मुलीला कायदाही माहीत होता आणि कंपनीत पैसे नक्की कोण सोडतं हेही माहीत होतं. मला तरी तेव्हा असंच माणूस हवं होतं.

ॲड_चेंदणी

फार चांगलं लिहिलंत. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

मुलांना कळावं म्हणून बाकीच्या वाटाही लिहून ठेवतो. दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जायचं तर थकबाकी किमान एक कोटी लागते, २०२० पासून. साठ लाखांत ते दार बंद. व्यापारी न्यायालयाचा दावा तीन लाखांच्या वर चालतो, पण तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर कलम १२अ नुसार आधी मध्यस्थी सक्तीची, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्कं केलंय. तिसरी वाट २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याची. करारात काहीही लिहिलेलं असो, पंचेचाळीस दिवसांच्या वर उधारी नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. ह्या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलने निवाडा दिला आणि कंपनीला तो उलटवायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ह्या शेवटच्या अटीमुळे बऱ्याच कंपन्या वाटाघाटीला बसतात. उद्यम नोंदणी मात्र माल पुरवण्याच्या आधीची हवी, नाहीतर तिथूनच वाद सुरू होतो.

एमबीएबद्दलचं माझं मत थोडं सैल करतो. तिने केलेलं एमएफएम अर्धवेळ होतं आणि एलएलबीनंतर होतं, हे खाडीपलीकडेने ध्यानात घ्यावं.

पामबीच

काकांनी मत सैल केलं, हा ह्या धाग्यावरचा मोठा निकाल आहे :)

सीएस_बेलापूर

एमबीएऐवजी सीएसचा, म्हणजे कंपनी सचिव होण्याचा, विचार केलाय का? एलएलबीनंतर सीएस हे जुनं आणि टिकलेलं समीकरण आहे. एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल हे परीक्षेचे टप्पे, आणि एकवीस महिन्यांचं प्रशिक्षण. अभ्यास घरून होतो, फी एमबीएच्या मानाने फार कमी, आणि सीबीडी बेलापूरला इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण केंद्रच आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार सूचीबद्ध कंपन्यांना आणि दहा कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सचिव नेमावाच लागतो. म्हणजे ह्या जागेची मागणी कायद्यानेच बांधून दिलीय.

पण तुमची आवड करार आणि दर ह्यात दिसते. सीएसचं काम संचालक मंडळ, ठराव, नोंदी, सेबी ह्यांच्याभोवती फिरतं. मुलांना ह्यातला फरक आधी कळत नाही आणि मग मध्येच सोडतात.

घणसोलीची_आई

एक विचारू का? नावात "लॉ" असलेले एमबीए दिसतात जाहिरातीत. ते केलं की वकील होता येतं का?

टीटीसी_लीगल

नाही हो ताई. सनद फक्त बार कौन्सिलने मान्य केलेल्या कॉलेजच्या एलएलबीवर मिळते, तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची. त्याशिवाय राज्य बार कौन्सिलमध्ये नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी राज्याराज्यात हजारो रुपये घेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की खुल्या गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांच्या वर घेता येणार नाहीत. गरीब घरातल्या मुलांसाठी हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आमच्या वेळी तेवढ्या पैशासाठी लोकांना नोंदणी लांबवताना पाहिलंय.

खाडीपलीकडे

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. काल रात्री बाबांनाही वाचून दाखवलं. वागळेवाल्या काकांची पोस्ट ऐकून ते म्हणाले, "ह्याला म्हणतात शिक्षण."

असं ठरवलंय. आधी तीन वर्षांचं एलएलबी. एमबीए त्याच वेळी नाही, दूरशिक्षणानेही नाही. एलएलबीनंतर थोडी वर्षं काम, शक्य झालं तर सुरुवातीला कोर्टात, आणि मग फायनान्सकडे झुकणारा अर्धवेळ कोर्स किंवा अनुभवी लोकांसाठीचा एमबीए. तेव्हा आयआयएम मुंबई पवईला आहेच, आणि विद्यापीठाचं एमएफएमही आहे.

आता नोकरीचं. साहेबांशी बोलले. सब्रोगेशनचा मुद्दा आधी काढला, मग शिक्षणाचा :) त्यांनी दुपारी बाराला यायची परवानगी देऊ म्हटलंय, पगार थोडा कमी करून. हे लेखी घ्यावं का? आणि प्रवेश परीक्षेची तयारी कशी करावी?

ॲड_चेंदणी

लेखी घेच. कंपनीचं ना-हरकत पत्र, त्यात कामाच्या वेळा स्पष्ट. कॉलेजच्या वेळेशी त्या कुठेही आदळता कामा नयेत. हे पत्र प्रवेशाच्या वेळीच कॉलेजला दे, नोकरी लपवू नकोस. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज बघ.

पामबीच

परीक्षा म्हणजे राज्य सीईटी सेलची लॉ सीईटी, तीन वर्षांच्या कोर्सची वेगळी असते. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात. वयाची वरची अट नाही. पेपर इंग्रजी-मराठी दोन्हीत असतो, कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. माझ्या बहिणीने जुने पेपर घड्याळ लावून सोडवले आणि रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचला, क्लास लावला नव्हता.

परीक्षेनंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. मुलं सीईटी देऊन निवांत बसतात आणि ती तारीख हुकते.

टीटीसी_लीगल

आणि तयारीत एक भर माझ्याकडून. करार कायद्याचं मूळ पुस्तक, बेअर ॲक्ट, आत्ताच विकत घ्या. कलम ७३ आणि ७४ वाचा: करार मोडला तर भरपाई किती, आणि करारात आधीच रक्कम लिहून ठेवली असेल तर काय. नंतर तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या करारातलं दंडाचं कलम समोर ठेवून पाहा, उशिरा माल दिला तर दर दिवशी अमुक इतके वगैरे. ७४ सांगतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. आता विचार करा, तुमच्या सेल्सवाल्यांनी तो दंड कुठल्या हिशोबाने ठरवला होता? विचारून या आणि इथे लिहा. पहिल्या सत्रात करार कायदा आहेच, वर्गात बसाल तेव्हा तुमच्याकडे स्वतःचं उदाहरण असेल.

खाडीपलीकडे

विचारलं. उत्तर मिळालं, "मागच्या ग्राहकाच्या करारातून घेतलाय." त्याच्या मागच्याने कुठून घेतला ते कुणालाच ठाऊक नाही. दिवसाला किती नुकसान होतं ह्याचा तक्ता मीच करायला घेतलाय, अकाउंट्समधल्या एका दादांना सोबत घेऊन.

कॅपसाठी कॉलेजांची यादी करतेय. ठाण्यात चेंदणी बंदर रस्त्यावरचं विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज कळव्याहून अगदी जवळ, म्हणून ते वर ठेवावं असं वाटतं. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं, नाव मोठं, फी कमी. पण तिथून बाराला तुर्भ्याला पोचणार कशी? माटुंग्याचं न्यू लॉ मधे पडतं. कुणी क्रम सुचवेल का?

ॲड_चेंदणी

गव्हर्नमेंट लॉ पहिलं टाक. तिथे नंबर लागला तर साहेबांशी वेळेबद्दल पुन्हा बोल. चर्चगेटहून हायकोर्ट पायी अंतरावर आहे, तिथे मोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकायला मिळतात आणि ह्या गोष्टीला पर्याय नाही. दुसरं ठाणे. तिसरं माटुंगा. पर्यायांचा फॉर्म भरताना जिथे खरोखर जाणार नाहीस अशी नावं घालू नकोस, जागा मिळाली की पुढच्या फेरीची गणितं बदलतात.

टीटीसी_लीगल

मी ठाणे पहिलं टाकेन. दुपारी बाराला तुर्भ्यात हजर असणं ही तुमच्या पगाराची अट आहे आणि पगार ही घराची गरज. तुमच्या कॉलेजला सुट्टी असेल आणि कोर्ट चालू असेल तेव्हा ऑफिसात रजा टाकून हायकोर्टात जाऊन बसता येईल. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने थेट तुर्भे गाठता येतं, हे तीन वर्षं रोज मोजायचंय तुम्हाला.

खाडीपलीकडे

ताईंचा क्रम घेते. ठाणे, माटुंगा, मग चर्चगेट. काका, रागावू नका. हायकोर्टात यायचं असेल तेव्हा तुम्हाला इथेच विचारेन, कुठल्या कोर्टात बसावं ते सांगा.

ॲड_चेंदणी

रागावतो कशाला. व्यापारी प्रकरणांचा बोर्ड असेल त्या दिवशी ये. आदल्या संध्याकाळी हायकोर्टाच्या वेबसाइटवर कॉज लिस्ट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागते, ती बघायला आत्तापासून शीक. आणि तो नुकसानीचा तक्ता झाला की, कंपनीची नावं काढून, इथे टाक. मलाही बघायचाय.